विश्लेषण : भूकंप की अणुचाचणी? भूकंपमापक कसे ओळखतो?

उत्तर कोरियातील पुंग्ये-री अणुचाचणी केंद्राच्या परिसरात २३ सप्टेंबर २०१७ रोजी साधारण ३.५ तीव्रतेचा धक्का बसला. चीनच्या भूकंप यंत्रणेने तो ‘संशयित स्फोट’ ठरवला. तीन आठवड्यांपूर्वीच तेथे सहावी अणुचाचणी झाली होती. वॉशिंग्टन आणि प्याँगयांग एकमेकांना उघड धमक्या देत होते. सातव्या चाचणीची नुसती शंकाही त्या दिवशी महागात पडली असती. दक्षिण कोरियाने मात्र हा नैसर्गिक भूकंप असल्याचे सांगितले. पुढे चीननेही आपला निष्कर्ष बदलला.

फरक कशावरून कळतो?

भूकंपात भ्रंशाच्या दोन बाजूंचे खडक एकमेकांना घासून सरकतात. त्यामुळे काही दिशांना जमीन ढकलली जाते, काही दिशांना ओढली जाते. स्फोट मात्र चहूबाजूंनी फक्त ढकलतो, म्हणून जगभरच्या केंद्रांवर जमिनीची पहिली हालचाल वरच्या दिशेने दिसायला हवी. लहान धक्क्यांत ही पहिली हालचाल गोंगाटात हरवते आणि वाद नेमके लहान धक्क्यांवरूनच होतात! तेथे कामी येते ते लहरींचे गुणोत्तर. आधी पोहोचणाऱ्या ‘पी’ लहरी दाबाच्या, तर मागून येणाऱ्या ‘एस’ लहरी खडक आडवा हलवणाऱ्या. खडक सरकला की ‘एस’ जोरकस उमटतात. स्फोटात ‘पी’ ठळक आणि ‘एस’ तुलनेने क्षीण असतात. खोलीही बोलकी असते. दहा किलोमीटर खोल जाऊन कोणी अणुबॉम्ब पुरत नाही.

३ सप्टेंबरला काय दिसले?

त्या दिवशी भारतीय वेळेनुसार सकाळी बरोबर ९ वाजता ६.३ तीव्रतेची नोंद झाली. निसर्ग असे घड्याळ लावून हलत नाही, पण तो पुरावा नव्हे. साडेआठ मिनिटांनी ४.१ तीव्रतेचा दुसरा धक्का आला. त्याची तऱ्हा उलटी होती, खडक आतल्या बाजूला कोसळल्याची. स्फोटाने झालेली पोकळी खचली, असा अर्थ अभ्यासकांनी लावला. २३ तारखेचा भूकंपही याच चाचणीने डोंगराखालचे ताण बदलल्यामुळे झाला असावा, असे नंतरच्या अभ्यासांत दिसले.

स्फोट अणूचाच, हे कसे ठरते?

लहरी स्फोट झाल्याचे सांगतात. तो अणूचा होता याची खात्री हवेत झिरपणारा किरणोत्सारी झेनॉन वायू देतो. २००६च्या चाचणीनंतर तो थेट कॅनडातील यलोनाइफ येथे सापडला. २००९मध्ये अणुचाचणीबंदी कराराच्या देखरेख केंद्रांना तो कुठेच मिळाला नाही. तेव्हा मुख्य साक्ष उरली ती भूकंपमापकांचीच.