कंटेनर गेला, तरी दप्तर राहावें कसें?

मुलांच्या निकालाचीं पुस्तकें पूर्वीं कपाटांत असत. आतां पुष्कळ शाळांत तीं संगणकावर असतात. तीं राखणारा प्रोग्राम, उदाहरणार्थ पोस्टग्रेस, हल्लीं 'कंटेनर' नांवाच्या बंदिस्त खोक्यांत चालविण्याची रीत आहे. डॉकरमुळें ती २०१३ पासून पसरली. आणि अनेक यंत्रांच्या समूहावर, म्हणजे क्लस्टरवर, अशा खोक्यांची देखरेख करणारें कुबरनेटीस गूगल कंपनीनें २०१४ मध्यें प्रसिद्ध केलें. नांव ग्रीक असून त्याचा अर्थ सुकाणूं धरणारा असा आहे.

वाचकांनीं आरंभींच ध्यानांत धरावें कीं, कंटेनर ही पाटी आहे, वही नव्हे. तो बंद पडतांच कुबरनेटीस त्याच्या जागीं नवा, कोरा कंटेनर उभा करितें; जुन्यांत लिहिलेलें पुसलें जातें. यांतच त्या पद्धतीचें बळ आहे. परंतु निकालपत्रकास हें कसें चालावें?

कोणी म्हणेल, त्याच यंत्राच्या डिस्कवर लिहून ठेवावें. यंत्र एकच असेल तर हें साधतें. समूहांत मात्र 'पॉड', म्हणजे कंटेनर राहतो ती खोली, उद्यां दुसऱ्या यंत्रावर उभी राहील आणि वह्या पहिल्यावरच राहतील!

म्हणून साठा दोहोंपासून वेगळा ठेवितात. त्यास 'पर्सिस्टंट व्हॉल्यूम' म्हणतात. तो मिळविण्यासाठीं 'क्लेम' म्हणजे मागणीअर्ज करावा लागतो: जागा दहा गिबीबाइट, आणि एका वेळीं एकाच यंत्रास जोडावयाची. 'स्टोरेज क्लास' हा जणूं कोठावळा. अर्जाप्रमाणें तो जागा निर्माण करवितो. पॉड नष्ट झाला तरी अर्ज कायम असतो, व नवा पॉड त्याच अर्जाचें नांव सांगून त्याच जागेस जोडला जातो.

खरा धोका पुढेंच आहे. अर्जच काढून टाकला तर? स्टोरेज क्लासकडून मिळालेल्या साठ्यास, वेगळें न सांगितल्यास, 'डिलीट' हें धोरण लागू असतें. प्रस्तुत लेखकानें सरावाच्या समूहांत नीटनेटकेपणाच्या हौसेनें एक जुना क्लेम काढला, आणि डिस्कही गेली. नोंदी लुटुपुटीच्या होत्या, म्हणून हंसतां आलें. 'रिटेन' हें धोरण असतें तर डिस्क राहिली असती. मात्र ती पुढें व्यवस्थापकास स्वतःच्या हातानें मोकळी करावी लागते. निकालासारख्या दप्तरास तेवढा त्रास सोसावा, असें आमचें मत आहे.

शिवाय साठा टिकाऊ असला तरी तो एकच असतो. चुकून लिहिलेला गुण तो तितक्याच इमानानें जपतो. यास्तव रोज वेगळ्या ठिकाणीं प्रत काढावी, आणि महिन्यांतून एकदां ती कोऱ्या क्लेमवर उतरवून वाचतां येते कीं नाहीं, हें पाहावें.