गाडी आठ लाखांची, सुटे भाग चाळीस लाखांचे

रत्नागिरीच्या मिरजोळे एमआयडीसीतल्या गॅरेजांच्या दारात ट्रक, पिकअप आणि बोलेरोच्या रांगेत आता अधूनमधून एखादी काळी जर्मन सेडान उभी दिसते. नंबर एमएच १२ किंवा एमएच ०४, क्वचित दिल्लीचा. नवी असताना चाळीस लाखांच्या घरात असलेली ही गाडी दहा-बारा वर्षांनी आठ लाखांच्या आसपास मिळते. तेवढ्या पैशांत नवी छोटी हॅचबॅक येते. बागायतदार असो, मिरकरवाड्यातला ट्रॉलरमालक असो की नुकताच जम बसलेला कंत्राटदार, हा सौदा कुणालाही मोहात पाडेल. त्यात गैर काहीच नाही, कारण या गाड्या चालवायला खरोखर सुरेख आहेत. आंबा घाट चढताना ते कळतं.

पण किंमत उतरते ती गाडीची, तिच्या सुट्या भागांची नाही. इंजेक्टर, गिअरबॉक्स, सस्पेन्शनचा हवेचा फुगा आजही चाळीस लाखांच्या गाडीच्याच भावाने मिळतात. आणि ते बसवणारा जाणकार मिरजोळ्यापासून किती लांब आहे, यावर मालकाचा खरा खर्च ठरतो.

या गाड्या आल्या कुठून? ऑक्टोबर २०१० मध्ये औरंगाबादच्या उद्योजक-व्यावसायिकांनी एकत्र येऊन एकदम १५० मर्सिडीज घेतल्या, तेव्हा देशभर चर्चा झाली होती. आलिशान गाडी मुंबई-पुण्याबाहेर पोचल्याचं ते ठळक चिन्ह होतं. डिझेलचा दर ऑक्टोबर २०१४ पर्यंत सरकारच्या नियंत्रणात होता, पेट्रोलपेक्षा बराच कमी होता, म्हणून महागड्या गाड्यासुद्धा लोक डिझेलच्या घेत. त्या पिढीतल्या गाड्या आता दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे आहेत. दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना हरित लवादाने मनाई केली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ती उचलून धरली, तेव्हा तिकडच्या गाड्याही एनओसी घेऊन इतर राज्यांत निघाल्या.

कोकणातल्या माणसाचा डिझेलवरचा विश्वास मात्र यापेक्षा जुना आहे. तो वडापच्या ट्रॅक्सने कमावला. बजाज टेम्पोच्या, म्हणजे आजच्या फोर्स मोटर्सच्या, ट्रॅक्समध्ये जे इंजिन धडधडायचं ते मूळचं मर्सिडीजचं, ओएम ६१६. हेच इंजिन मर्सिडीजच्या २४० डी गाडीत होतं. ग्रेगोरिओस सखिनिदिस नावाच्या ग्रीक टॅक्सीवाल्याने १९७६ सालची अशी एक गाडी ४६ लाख किलोमीटर चालवली आणि २००४ मध्ये ती कंपनीच्या संग्रहालयाला दिली. ती गाडी बिघडली नाही असं मुळीच नाही. तिची इंजिनं पुन्हापुन्हा उतरवली गेली, बदलली गेली. पण ते काम साधं होतं. पंप यांत्रिक, नोझल यांत्रिक, कॉम्प्युटर कुठेच नाही. पाना चालवता येणारा कुठलाही मिस्त्री ते उघडून बंद करू शकत होता. ट्रॅक्सचंही तसंच. या इंजिनांना आपण टिकाऊ म्हणतो ते मुख्यतः ती गावात दुरुस्त होत होती म्हणून.

त्याच घराण्यातलं नवं इंजिन वेगळ्या जातीचं आहे. कॉमन रेलमध्ये डिझेल दीड-दोन हजार बार दाबाने इंजेक्टरमधून सुटतं. एवढ्या दाबाखाली डिझेलमधलं जरासं पाणी किंवा कचराही महागात पडतो. मर्सिडीजच्या ओएम ६५१ इंजिनाच्या सुरुवातीच्या पिझो इंजेक्टरांनी जगभर त्रास दिला आणि ते बदलून दुसऱ्या प्रकारचे बसवावे लागले. चार सिलिंडरांना चार इंजेक्टर, आणि एकेकाची किंमत पाच आकडी.

बीएमडब्ल्यूच्या ३२० डीमधलं एन ४७ इंजिन याहून बोलकं उदाहरण. त्याची टायमिंग चेन इंजिनाच्या पुढच्या तोंडाला नाही, मागे गिअरबॉक्सच्या बाजूला आहे. ती झिजली की सकाळी थंड इंजिन सुरू करताना डॅशबोर्डच्या पलीकडून खरखर ऐकू येते. चेन आणि गाइड यांची किंमत एक वेळ परवडते, पण तिथवर पोचायला गिअरबॉक्स किंवा अख्खं इंजिन खाली घ्यावं लागतं, आणि खरं बिल मजुरीचं होतं. खरखर ऐकूनही गाडी तशीच फिरवली आणि चेन तुटली, तर इंजिनच गेलं. म्हणून जुनी ३२० डी बघायला जाताना विकणाऱ्याला सांगा, मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका. बॉनेटला हात लावून बघा. गरम लागलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जा.

या यंत्राच्या दुखण्यांत कोकण आपली भर घालतं. सनरूफ घ्या. काचेभोवतीच्या पन्हळीतलं पाणी चार कोपऱ्यांतल्या बारीक नळ्यांमधून खाली उतरतं. गाडी अंगणात आंब्या-फणसाखाली उभी असते. मोहोर, पालापाचोळा आणि लाल धूळ मिळून त्या नळ्यांच्या तोंडाशी बूच बसतं. मग आषाढात पाणी छताच्या अस्तरामागून गालिच्याखाली जातं. या गाड्यांची बॅटरी आणि कंट्रोल मॉड्यूल बरेचदा डिकीत किंवा सीटखाली असतात. वरून गाडी कोरडी दिसते, आतले कनेक्टर हिरवे पडत असतात. एके दिवशी डॅशबोर्डवर पाच-सहा दिवे एकदम लागतात आणि दोष गिअरबॉक्सचा की सेन्सरचा हे साध्या स्कॅनरला सांगता येत नाही. तपासणी सोपी आहे. सनरूफ उघडून पन्हळीत कपभर पाणी ओता आणि चाकाजवळ खाली टपटपतं का ते बघा. डिकीतला गालिचा उचलून हात फिरवा, वास घ्या.

एप्रिल २०२० नंतरच्या बीएस ६ गाडीचं दुखणं निराळं. तिच्या सायलेन्सरमार्गातल्या फिल्टरमध्ये काजळी साठते आणि ती जळायला सलग वेगाने धावावं लागतं. मिरजोळे ते मारुती मंदिर, तिथून जयस्तंभ आणि परत, एवढंच फिरणं असेल तर फिल्टर तुंबणारच. रोजचं जाणं-येणं शहरातल्या शहरात असेल, तर डिझेल घेऊच नका, पेट्रोल घ्या.

या गाडीचा सुटा भाग गावात सहसा मिळत नाही. मुंबई-पुण्याहून मागवावा लागतो, किंवा कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुना शोधावा लागतो. जुना दरवाजा, आरसा, हेडलाइट खुशाल घ्या. इंजेक्टर आणि गिअरबॉक्स मात्र खात्रीच्या माणसाशिवाय जुने घेऊ नका. आणि गाडी हातखंब्याला बंद पडली, तर दोरीने ओढायची सोय नसते. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला, विशेषतः चारही चाकांना जोर असलेल्या गाडीला, फ्लॅटबेडच लागतो. घाट चढून कोल्हापूर-पुण्यापर्यंतचं त्याचं भाडं दुरुस्तीत धरा.

म्हणून गाडी आठ लाखांना ठरली, तर खिशात अकरा असावेत आणि वरचे तीन पहिल्या दोन वर्षांसाठी बाजूला ठेवावेत, असं माझं स्पष्ट मत आहे. ते नसतील तर कर्ज काढून ही गाडी घेऊ नये. हप्ता आणि इंजेक्टर एकाच महिन्यात येतात तेव्हा गाडी अंगणातच उभी राहते, आणि उभी राहिलेली डिझेल गाडी आणखी बिघडते.

सौदा ठरवण्याआधी सर्व्हिसच्या नोंदी मागा आणि गाडीचा चॅसी नंबर देऊन अधिकृत सेवाकेंद्रात त्या पडताळून बघा. मीटर मागे फिरवता येतो, पण सेवाकेंद्राच्या नोंदीतला किलोमीटरचा आकडा सहजासहजी बदलत नाही. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल कधी बदललं, हे मुद्दाम विचारा. अनेक कंपन्या ते आयुष्यभर चालतं असं सांगतात, पण त्यांतल्या काहींसाठी गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरच्या दरम्यान ते बदलायला सांगते. परराज्यातली गाडी असेल तर बारा महिन्यांच्या आत तिची नोंदणी इथल्या आरटीओत करावी लागते आणि त्या कराचा आकडा एजंटाच्या तोंडून नव्हे, एमएच ०८ च्या कार्यालयातून आधी काढून घ्यावा. विम्यात इंजिन संरक्षणाचं कलम घ्या. पाणी शिरून इंजिन गेलं तर साध्या पॉलिसीत ते पैसे बहुधा मिळत नाहीत. गाडी जुनी म्हणून कंपनी ते कलम द्यायला तयार नसेल, तर पावसाळ्यात पाणी भरलेल्या रस्त्यावर ती घालूच नका.