ओल्या दिवशी प्रवेश बंद

लंडनमध्ये पावसाची झड लागली की पर्यटकांचे पाय आपोआप ब्रिटिश म्युझियमकडे वळतात. तिथं रोझेटा शिलेपुढं ओल्या रेनकोटांची दाटी आणि कॉफीसाठी आणखी एक रांग. जाणकार मंडळी तिथून थोडं दक्षिणेला चालत लिंकन्स इन फील्ड्सची बाग गाठतात. बागेच्या उत्तरेकडच्या ओळीत १२, १३ आणि १४ क्रमांकाची तीन घरं आहेत. वास्तुविशारद सर जॉन सोन यांनी ती एकेक करून घेतली, पाडली, पुन्हा बांधली आणि मूर्ती, चित्रं, अस्थिकलश, इमारतींच्या प्रतिकृती यांनी ठासून भरली. या संग्रहालयात आजही प्रवेशाला पैसे पडत नाहीत. आत जागा इतकी अरुंद की मोजकीच माणसं सोडतात, बाकीच्यांनी छत्री उघडून रस्त्यावर उभं राहायचं.

सोनसाहेब हयात असताना ही रांग लागलीच नसती. त्यांचा दंडकच होता: हवा ओली किंवा चिखलाची असेल तर पाहुण्यांना प्रवेश नाही. घोडागाड्यांच्या त्या काळात लंडनच्या रस्त्यांवरून बुटांबरोबर काय काय आत येत असेल, याची कल्पना केली तर नियम पटतो. त्यात या घराची सारी करामत उजेडाची. छतातल्या झरोक्यांना सोननी पिवळसर काचा बसवल्या, भिंतीत आणि घुमटाच्या पोटात आरसे जडवले. हेतू हा की लंडनच्या करड्या हवेतही संगमरवरावर इटलीचं ऊन पडल्याचा भास व्हावा. ढग फारच दाटले तर हा खेळ मंदावतो. पण खरं सांगायचं तर तळघरातले कलश आणि मुखवटे अंधुक उजेडातच जास्त बोलके वाटतात. पावसाची अट हा मालकानं स्वतःच्याच घरावर केलेला अन्याय होता.

सोन मूळचे गवंड्याचे चिरंजीव. १७५३चा जन्म. १७८८ साली ते बँक ऑफ इंग्लंडचे वास्तुविशारद झाले आणि पंचेचाळीस वर्षं त्या पदावर राहिले. ती बँक आतून जवळजवळ सगळी विसाव्या शतकात पाडली गेली आणि तिथं नवी इमारत उभी केली हर्बर्ट बेकर यांनी, म्हणजे नव्या दिल्लीतलं सचिवालय बांधणाऱ्या गृहस्थांनी. इंग्रज वास्तुप्रेमी बेकरना अजून माफ करायला तयार नाहीत. इतिहासाच्या पुस्तकांत सोन या बँकेसाठी येतात. या घराला मात्र आकार दिला तो घरातल्याच एका भांडणानं.

घरातलं चित्रदालन म्हणजे जेमतेम एक खोली, पण भिंतीच कपाटाच्या दारांसारख्या उघडतात, एकामागे दुसरी भिंत निघते आणि शंभराहून अधिक चित्रं त्यात मावतात. त्यांतली आठ चित्रकार होगार्थची. कंजूष बापाचा पैसा हाती आलेला पोरगा तो उधळतो, कर्जबाजारी होऊन तुरुंगात जातो आणि शेवटी वेड्यांच्या इस्पितळात पोचतो, अशी ती चित्रमालिका. १८०२ साली लिलावात ती ५७० पौंडांना घेतली सोन यांच्या पत्नी एलायझा यांनी. तेव्हा धाकटा मुलगा जॉर्ज बारा वर्षांचा होता.

पुढं तो चित्राबरहुकूम वागला. दोन्ही मुलांनी आपला वारसा चालवावा म्हणून बापानं ईलिंगला पिट्सहँगर नावाचा टुमदार वाडा बांधला. थोरल्याची प्रकृती साथ देईना, धाकट्याला नाटकं लिहायची होती. १८११मध्ये जॉर्जनं लग्न केलं आणि आईबापांना चिडवण्यासाठीच ते केल्याचं आईला कळवलं. नंतर कर्जापायी तुरुंगाची हवा खाल्ली. बाप हलेना, तेव्हा आईनं गुपचूप पैसे भरून त्याला सोडवलं.

सप्टेंबर १८१५मध्ये ‘द चॅम्पियन’ या पत्रात इंग्लंडमधल्या वास्तुकलेच्या अवनतीवर दोन निनावी लेख आले. सगळा रोख सोनवर. लिंकन्स इन फील्ड्समधल्या घराबद्दल लेखक म्हणतो, की हे मृताचं स्मारक दिसतं. मन आणि माया केव्हाच मेलेल्या माणसानं आपल्या देहासाठी ही कबर उभारली असावी. एलायझांनी लेखणी ओळखली. जॉर्जनं माझ्यावर मरणाचा घाव घातला, अशा अर्थाचं त्यांनी लिहून ठेवलं. त्या आधीच आजारी होत्या. २२ नोव्हेंबरला गेल्या.

सोननी काय करावं? ते दोन लेख कापले, चौकटीत बसवले आणि ‘जॉर्ज सोननं दिलेले प्राणघातक घाव’ अशी पाटी लिहून घरात टांगले.

जॉर्ज कृतघ्न होता, यात शंका नको. पण टीकाकार म्हणून त्याची नजर पक्की होती. बापानं पुढं केलं तेही त्याचंच म्हणणं खरं करणारं. पत्नीची खोली त्यांनी जवळजवळ वीस वर्षं होती तशी राखली. तिची लाडकी कुत्री फॅनी मेली, तिचंही थडगं अंगणात बांधलं. १८२४मध्ये तर घरात खरीखुरी शवपेटीच आणली. संशोधक बेल्झोनीनं इजिप्तमध्ये शोधलेली ही फेरो पहिल्या सेतीची पेटी ब्रिटिश म्युझियमला महाग वाटली; सोननी २,००० पौंड मोजले. ती आत घ्यायला मागची भिंत फोडावी लागली. पुढच्या मार्चमध्ये दिव्यांच्या उजेडात तीन रात्री मेजवान्या झाल्या, चित्रकार टर्नर आणि कवी कोलरिजसारखे पाहुणे आले. आजचा पर्यटक पावसातून आसऱ्याला येतो ती हीच पेटी पाहायला. लंडनच्या दमट, धुरकट हवेनं मात्र तिचं नुकसान केलं: कोरीव लिपीत भरलेला निळा रंग बहुतेक झडून गेला.

एलायझांसाठी सोननी आखलेली समाधी सेंट पँक्रस ओल्ड चर्चच्या आवारात आहे. तिच्यावरचा ठेंगणा घुमट पाहिला की ओळखीचं काहीतरी वाटतं. लाल टेलिफोन बूथचं छप्पर आखताना वास्तुविशारद जाइल्स गिल्बर्ट स्कॉट यांच्या डोळ्यांपुढं हीच समाधी होती, असं मानलं जातं. ते सोन संग्रहालयाचे विश्वस्तही होते. सर आली की पर्यटक ज्या लाल डब्यात शिरून फोटो काढतात, त्याचं मूळ असं एका कबरीत सापडतं. तिथं सोन आहेत, पत्नी आहे, थोरला मुलगा आहे. जॉर्ज नाही.

घर जॉर्जच्या हाती पडू नये म्हणून म्हाताऱ्यानं थेट पार्लमेंट गाठलं. १८३३मध्ये खासगी कायदा मंजूर झाला: मालकाच्या मृत्यूनंतर घर आणि संग्रह राष्ट्राचा, आणि सगळं शक्य तितकं होतं तसंच ठेवायचं. मुलाचा हक्क हिरावला जातोय म्हणून खासदार विल्यम कॉबेट यांनी विरोध केला, तो टिकला नाही. १८३७मध्ये सोन वारल्यावर जॉर्जनं मृत्युपत्रालाही आव्हान दिलं आणि हरला. लोकशिक्षणाची कळकळ सोनना होतीच, पण पोटच्या पोरावरचा राग नसता तर कायद्याची ही तटबंदी इतकी भक्कम झाली असती का? फुकट प्रवेशाबद्दल पर्यटकानं थोडे आभार जॉर्जचेही मानावेत.

जाता जाता सोननी विश्वस्तांना आणखी एका कामाला लावलं. काही कपाटं आणि खण मोहोरबंद करून ते १८६६, १८८६ आणि १८९६ साली उघडावेत, असं बजावून ठेवलं. कुठं एखादं घबाड निघेल, अशी आशा असणारच. निघाली ती घरच्या भांडणाची पत्रं, किरकोळ कागद, आणि सर जॉन सोन यांची कवळी.