वाकडच्या काळ्या मातीवरची पंचवीस वर्षं

१९९७ मध्ये वाकड पिंपरी-चिंचवड महापालिकेत आलं. शेजारी हिंजवडीचा आयटी पार्क वाढत गेला आणि बघता बघता रानांत उंच इमारती उठल्या. या काळाचा हिशेब आपण जमिनीच्या भावात मांडतो. जमिनीवर भार किती चढला आणि तो तिने कसा सोसला, याची आठवण कुणी काढत नाही.

दख्खनची जुनी वहिवाट अशी, की वस्ती पांढरीवर, म्हणजे पांढऱ्या मातीवर, आणि पीक काळीत, म्हणजे काळ्या मातीत. काळी उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते, पावसात फुगते. वाकडच्या मोठ्या इमारती तिच्यावर उभ्याच नाहीत. काळी उपसून, मुरूम ओलांडून त्यांचे पाय बेसॉल्टला टेकवले गेले. तळघरांसाठी एवढी खोदाई तशीही करावीच लागते. काळीशी खरी गाठ पडली ती रस्ते, कुंपणभिंती, गटारांचे चर आणि भराव यांची.

काळी ही चिकणमातीच. ओल्या चिकणमातीवर भार आला, की सुरुवातीला तो कण पेलत नाहीत, छिद्रांतलं पाणी पेलतं. पाणी वाट काढत निघतं, तसतसा भार कणांवर उतरतो आणि थर बसतो. कार्ल तेर्झागी यांनी इस्तंबूलमध्ये शिकवत असताना, १९२३ मध्ये, याचं गणित मांडलं. त्यातली एक गोष्ट प्रत्येक ठेकेदाराला पाठ असायला हवी: थर दुप्पट जाड असेल, तर बसायला चौपट वेळ लागतो. शिवाय पाण्यावरचा दाब ओसरला तरी माती थांबत नाही. कण एकमेकांवरून सरकत राहतात, आणि पहिल्या ते दहाव्या वर्षात जेवढी बसकण झाली, साधारण तेवढीच दहाव्या ते शंभराव्या वर्षात होते.

काळीत यावर ऋतूंचीही भर पडते. डांबराखालची माती ओल धरून राहते, कडेची उन्हाळ्यात आक्रसते. म्हणून रस्त्याच्या कडेने लांबच लांब भेगा जातात. काळीच्या फुगण्यावर उपाय म्हणून मुंबईच्या आयआयटीत प्रा. आर. के. कट्टी यांनी काळीवर न फुगणाऱ्या चिकट मातीचा जाड थर देण्याची पद्धत बसवली. कालव्यांच्या कामात ती रुळली.

माती किती बसेल हे मोजायला प्रयोगशाळेत २० मिलिमीटर जाडीच्या नमुन्याला भाराच्या एकेका टप्प्यावर २४ तास देतात. बाहेर मात्र मीटर-दोन मीटरचा भराव टाकून, रोलर फिरवून त्याच हंगामात डांबर चढवलेलं दिसतं, आणि मला त्याचा राग येतो. नवी मुंबईच्या खाडीपट्ट्यात चिखलात उभे निचरे सोडून, वर जादा भराव ठेवून जमीन आधीच बसवून घेतात. वाकडला एवढ्या खटाटोपाची गरज नाही. भरावाला एक पावसाळा मिळावा, खुंट्या ठोकून त्याची पातळी दर महिन्याला नोंदवावी, आणि बसणं मंदावल्याशिवाय डांबराचा ट्रक बोलावू नये. शेजारच्या पुनावळे, ताथवडे, मारुंजीकडे अजून बरेच रस्ते व्हायचे आहेत. तिथे हे आत्ताच सुरू करता येईल.