उतरताना ब्रेक तुमच्या हातात असतो

झाडावर चढायला दोर, हार्नेस, तंत्र आणि बराच घाम लागतो. उतरायला मात्र तळहातात मावणारा धातूचा एक तुकडा पुरतो, आणि तो बाहेरच्या एका साध्या जेवणाच्या पैशात घरपोच येतो. म्हणून तो घेताना आपण फारसा विचार करत नाही.

तुमच्यापैकी काहीजण सुट्टीत भारतात गेल्यावर सह्याद्रीत एखाद्या कड्यावर किंवा धबधब्यावर रॅपलिंग करून आले असतील. तिथे हार्नेसला बहुधा ‘फिगर ऑफ एट’ लावलेली होती, म्हणजे इंग्रजी आठच्या आकाराची कडी. मजा आली असेल. पण त्या अनुभवातून एक गैरसमज सोबत येऊ शकतो: ती कडी आपल्याला धरून ठेवते. ती धरून ठेवत नाही. व्यवस्थित आयोजन असेल तर वरचा माणूस दुसऱ्या दोराने तुम्हाला बिले देत असतो. तुमचा हात सुटला तर तो धरतो. घरामागच्या ओकवर किंवा मेपलवर तो माणूस नसतो. त्याची जागा कोण घेणार, हे ठरवल्याशिवाय कुठलं डिव्हाइस घ्यायचं या प्रश्नाला अर्थ नाही.

डिव्हाइस नेमकं करतं काय?

बोट धक्क्याला लावताना खलाशी खुंटाला दोराचे दोन-तीन वेढे घालतो आणि एवढी मोठी बोट एका हाताने रोखतो. इथेही तेच आहे. प्रत्येक वेढ्यागणिक घर्षणाचा परिणाम बेरजेने नाही, गुणाकाराने वाढतो. दोर आणि धातू यांच्यातला घर्षणाचा गुणांक 0.25 धरला, तर 75 किलोचा माणूस एका पूर्ण वेढ्यावर साधारण 16 किलोच्या ओढीने थांबतो आणि दोन वेढ्यांवर सव्वातीन किलोच्या. मात्र ही ओढ शून्य कधीच होत नाही. उरलेली ओढ तुमच्या हाताने द्यायची असते. हात सोडला की हिशोब संपला.

दोर ओला, नवा, गुळगुळीत किंवा बारीक असेल तर घर्षण कमी होतं आणि हाताला जास्त धरावं लागतं. दोर फार जाड असेल तर तो डिव्हाइसमधून सरकतच नाही. म्हणून पहिला नियम: आधी दोर बघा, मग डिव्हाइस घ्या. डिव्हाइसवर किंवा त्याच्या माहितीपत्रकात किती मिलिमीटरचा दोर चालतो ते लिहिलेलं असतं. झाडांसाठीचे दोर बहुतेक 11 ते 13 मिलिमीटरचे असतात, तर कातळावर वापरायची कित्येक डिव्हाइसेस 11 च्या आतल्या दोरासाठी बनवलेली असतात.

तीन साधे पर्याय

फिगर ऑफ एट: जाड दोर चालतो, उतरणं गुळगुळीत होतं, बिघडण्यासारखं काही नाही. तोटे दोन. ती दोराला पीळ घालते. आणि दोर सैल पडला तर तो मोठ्या कडीवरून वर सरकून गाठीसारखा आवळू शकतो. मग तुम्ही अधांतरी अडकता. दोन्ही बाजूंना ‘कान’ असलेली रेस्क्यू एट घेतली तर हा धोका बराच कमी होतो. शिवाय साधी एट दोरात ओवायला कॅराबिनरमधून काढावी लागते. त्या क्षणी ती हातातून निसटली की थेट जमिनीवर.

ट्यूब: दोन भोकांची छोटी नळी. पीळ घालत नाही, हलकी आहे, दुहेरी दोरावर छान चालते. पण झाडाचा जाड दोर तिच्यात बऱ्याचदा बसत नाही, बसलाच तर अडकत सरकतो.

मुंटर हिच: डिव्हाइसच नाही, रुंद तोंडाच्या लॉकिंग कॅराबिनरवर घातलेली एक गाठ. ती दोराला भरपूर पीळ घालते, म्हणून रोजच्या वापराला नको. पण डिव्हाइस खाली पडलं तर हीच तुम्हाला जमिनीवर आणते. ती जमिनीवर असतानाच शिकून ठेवा.

झाडासाठी पहिलं साधं डिव्हाइस घ्यायचं असेल तर माझं मत कानवाल्या रेस्क्यू एटला. पण तिन्हींमध्ये एक गोष्ट सारखी आहे: एकही स्वतःहून थांबत नाही.

वरच्या माणसाची जागा: ऑटोब्लॉक

6 ते 7 मिलिमीटरच्या कॉर्डचा छोटा फास घ्या, डिव्हाइसच्या खालच्या दोराभोवती तीन-चार वेढे द्या, दोन्ही टोकं लॉकिंग कॅराबिनरने हार्नेसला लावा. उतरताना ब्रेकचा हात हे वेढे अलगद खाली ढकलत राहतो. हात सुटला की वेढे आवळतात आणि तुम्ही थांबता. मधमाशी चावली, चक्कर आली, वरून फांदी डोक्यात पडली, तरी थांबता.

इथे एक बारकावा जीवावर बेततो. ऑटोब्लॉक डिव्हाइसला टेकला तर डिव्हाइस त्याला ढकलत राहतं आणि तो आवळतच नाही. म्हणून डिव्हाइस शिवलेल्या स्लिंगने हार्नेसपासून हातभर पुढे घ्यावं आणि ऑटोब्लॉक हार्नेसच्या बिले लूपला लावावा. मग दोघांची गाठ पडत नाही. कॉर्ड नायलॉनची घ्या. डायनीमाची बारीक स्लिंग इथे नको, कारण ते प्लास्टिक सुमारे 145 अंशांनाच वितळतं.

उष्णतेचं म्हणाल तर 75 किलोचा माणूस 20 मीटर उतरला की जवळपास 14,700 जूल ऊर्जा उष्णतेत जाते. ती सगळी 100 ग्रॅम ॲल्युमिनियममध्येच साठली, तर तापमान 160 अंशांहून अधिक वाढेल. प्रत्यक्षात बरीच उष्णता दोरात आणि हवेत जाते, पण त्यासाठी वेळ लागतो. सिनेमातल्यासारखे झपकन उतरलात तर तापलेला धातू दोराचं आवरण खराब करतो. सावकाश उतरा आणि खाली पोचल्यावर डिव्हाइस लगेच उघड्या हाताने धरू नका.

दोर कुठे आहे?

कातळावर अँकर दुसऱ्या कोणीतरी तपासलेला असतो, झाडावर तो तुम्ही निवडता. जिवंत, जाड फांदी बघा आणि दोर खोडाजवळच्या बेचक्यात बसवा. चढण्याआधी जमिनीवरून दोन जणांनी मिळून दोराला लटकून बघा.

आणि हे दोनदा वाचा. दोर फांदीवरून नुसता टाकलेला असेल, कुठेच बांधलेला नसेल, तर दोन्ही पदर डिव्हाइसमधून गेले पाहिजेत. एकाच पदरावर वजन टाकलंत तर दुसरा पदर फांदीवरून सरसर वर जाईल आणि तुम्ही खाली. एका पदरावर उतरायचं असेल तर दोर वर फांदीला किंवा खाली खोडाला पक्का बांधलेला हवा.

उतरण्यापूर्वी, दरवेळी

दोराची टोकं जमिनीला टेकलेली दिसतात का? तरीही टोकांना गाठ मारा. कॅराबिनर लॉक आहे का, आणि वजन त्याच्या लांबीच्या दिशेने येतंय का? मोकळे केस, हूडीची नाडी, ओढणी आत खोचली का? खिशात एक जादा कॉर्ड आहे का, म्हणजे अडकलात तर पायासाठी फास करून उभं राहता येईल? मग आधीची सुरक्षेची दोरी तशीच ठेवून सगळं वजन डिव्हाइसवर टाका. ऑटोब्लॉक धरतोय हे दिसलं की मगच ती सोडा.

नलिनी नाडकर्णी हे नाव तुम्ही ऐकलं असेल. झाडांच्या शेंड्यांवरच्या जीवसृष्टीचा दशकानुदशकं अभ्यास करणाऱ्या या भारतीय-अमेरिकन शास्त्रज्ञ 2015 मध्ये वॉशिंग्टन राज्यात संशोधन करताना सुमारे 50 फुटांवरून पडल्या. त्या वाचल्या. इतक्या अनुभवी माणसालाही झाड माफ करत नाही, हे लक्षात राहू द्या. अनुभवाने तपासणी लवकर होते, टळत नाही.

हा लेख वाचून कोणी थेट वर जाऊ नये. शिकवणारा माणूस शोधा, झाड ज्याचं आहे त्याची परवानगी घ्या, जवळून विजेच्या तारा जात असतील तर ते झाड सोडून द्या. पहिला सराव पाय जमिनीपासून फूटभर वर असताना करा: वजन टाका, आणि मुद्दाम हात सोडा. थांबलात तर दहा वेळा तेच करा. एकदाही घसरलात तर वेढे वाढवा, अंतर तपासा आणि पहिल्यापासून मोजा.