कुत्र्याला फिरवतो कोण?

कुत्रा पाळणाऱ्याचे आयुष्य वाढते, हे विधान एके काळी श्वानप्रेमी मंडळींच्या भाबडेपणात जमा झाले असते. आज ते तसे उडवून लावता येत नाही. स्वीडनमध्ये २००१ पासून प्रत्येक कुत्र्याची नोंदणी सक्तीची आहे. या नोंदींची नागरिकांच्या आरोग्यविषयक नोंदींशी सांगड घालून तेथील संशोधकांनी ४० ते ८० वर्षे वयाच्या सुमारे ३४ लाख लोकांचा बारा वर्षांचा वृत्तान्त तपासला. २०१७ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एकट्याने राहणाऱ्यांपैकी ज्यांच्याकडे कुत्रा होता, त्यांच्या मृत्यूचा धोका कुत्रा नसलेल्यांपेक्षा ३३ टक्क्यांनी कमी आढळला. कुटुंबात राहणाऱ्यांच्या बाबतीत ही घट ११ टक्केच होती.

असे आकडे जपून वाचावे लागतात. ज्याचे गुडघे शाबूत आहेत तोच मुळात कुत्रा पाळण्याच्या फंदात पडतो. तेव्हा कुत्र्यामुळे प्रकृती चांगली राहिली की प्रकृती चांगली म्हणून कुत्रा आला, हा प्रश्न उरतोच. तथापि ३३ आणि ११ यांतील अंतर विचार करावयास लावणारे आहे. भरल्या घरात कुत्र्याला बाहेर नेण्याचे काम वाटून घेतले जाते, किंवा बहुधा एकाच्याच गळ्यात पडते. एकट्याला मात्र ते कोणावर ढकलता येत नाही. याच पाहणीत शिकारी जातींच्या कुत्र्यांच्या मालकांना लाभ अधिक दिसला, आणि या जातींना धावपळ भरपूर लागते. लाभाचा निदान एक मोठा भाग कुत्र्याच्या मालकीत नसून त्याच्यामागून चालण्यात आहे, असे अनुमान यावरून काढले तर ते वावगे ठरू नये.

इंग्लंडमधील दोन पाहण्या या अनुमानाला बळ देतात. लिव्हरपूलजवळच्या एका वस्तीत केलेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, आठवड्याला १५० मिनिटांच्या व्यायामाचा दंडक पाळण्याची शक्यता कुत्रा बाळगणाऱ्यांत सुमारे चौपट आढळली. नॉरफोक परगण्यातील तीन हजारांहून अधिक प्रौढ व वृद्धांची पाहणी त्याआधी, २०१७ साली प्रसिद्ध झाली होती. कुत्र्याला नियमितपणे फिरवणारे लोक थंडी-पावसाच्या दिवशीही, कुत्रा नसलेल्यांच्या निरभ्र दिवसापेक्षा अधिक हालचाल करतात, असे तीत दिसले.

या गोष्टीचे मर्म अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला चटकन उमगावे. उद्यापासून फिरायला जाण्याचा संकल्प सोडणारा माणूस आणि उद्या पहाटे पांघरूण ओढून घेणारा माणूस हे एकाच देहातील दोन वेगळे पक्ष असतात. थॉमस शेलिंग या अर्थशास्त्रज्ञाने स्वतःशीच चाललेल्या या झगड्याचे विवेचन १९७० नंतरच्या दशकात केले होते. संकल्प टिकावयाचा तर तो मोडणे अवघड करून ठेवावे लागते. दाराशी येऊन कुंई-कुंई करणारे जनावर हे काम कोणत्याही डॉक्टरी सल्ल्यापेक्षा चोख बजावते. त्याला रविवार ठाऊक नसतो.

आपल्याकडे मात्र नेमकी येथेच मेख आहे. पुण्या-मुंबईच्या नव्या गृहसंकुलांबाहेर पहाटे एखादा पोरगेला तरुण तीन-चार साखळ्या हातात धरून ओढला जाताना दिसतो. कुत्रे साहेबांचे, पाय त्याचे. दूध आणावयास गडी पाठविला तरी दूध घरी येते. फिरावयास गडी पाठविला तर फिरणे घरी येत नाही. मासिक मोबदला देऊन साहेब कुत्र्याचे आरोग्य विकत घेतात आणि स्वतःचे त्या तरुणाला फुकट देऊन टाकतात. (त्याला त्याची फारशी गरज नसते, तो दिवसभर चालतच असतो.) ज्या देशात २०२२ साली जवळजवळ निम्म्या प्रौढांची शारीरिक हालचाल अपुरी होती आणि मधुमेहींची संख्या २०२३ च्या एका राष्ट्रव्यापी पाहणीनुसार दहा कोटींवर गेली आहे, त्या देशाला हा व्यवहार परवडणारा नाही.

स्वतः निघावयाचे ठरविले, तरी जावयाचे कोठे? इंग्लंडमधील सुमारे वीस हजार लोकांच्या माहितीवर आधारलेल्या आणखी एका अभ्यासात, आठवड्याला किमान १२० मिनिटे निसर्गसान्निध्यात घालविणाऱ्यांनी आपली प्रकृती व समाधान चांगले असल्याचे अधिक प्रमाणात सांगितले. हा वेळ एकदम घालविला की तुकड्यातुकड्यांनी, याने फरक पडला नाही. हाही अभ्यास २०१९ चाच. आपल्या शहरांत हे तुकडे जमवावयाचे कोठून? पदपथावर दुचाक्या, उद्यानाच्या फाटकावर कुत्र्यांना मनाईची पाटी, आणि गल्लीच्या तोंडाशी मोकाट कुत्र्यांची टोळी. उद्यानवाल्यांचे सर्वस्वी चुकते असेही नाही. कुत्र्याने केलेली घाण उचलणे हा मालकाला अजूनही आपल्या इभ्रतीचा प्रश्न वाटतो.

पुण्याचे भाग्य असे की, त्याला वेताळ टेकडी, तळजाई, हनुमान टेकडी लाभल्या. कुत्रा असलेला आणि नसलेला, दोघेही तेथे हक्काने जातात. दोन खोल्यांत संसार करणाऱ्या कारकुनाला कुत्रा परवडत नसला तरी टेकडी परवडते. वेताळ टेकडीवरून जाणाऱ्या प्रस्तावित रस्त्याविरुद्ध एप्रिल २०२३ मध्ये नागरिकांनी मोर्चा काढला, तो केवळ झाडांच्या मायेपोटी नव्हता. रस्त्याने वाहनांची किती मिनिटे वाचतील याचा हिशेब प्रकल्प-अहवालात मांडता येतो. टेकडीवर पायी घालविलेल्या मिनिटांना मात्र अशा हिशेबात रकाना मिळत नाही, कारण त्यांची पावती कोणी फाडत नाही.

रकाना निर्माण करणे अशक्य नाही. कुत्रा पाळण्यासाठी पुणे महापालिकेचा परवाना घ्यावा लागतो, पण तो न काढणाऱ्यांचीच संख्या मोठी आहे. स्वीडनमधील संशोधन शक्य झाले ते नोंदणीमुळे. येथेही परवाने खरोखरीच काढले गेले, तर कोणत्या प्रभागात किती कुत्री आहेत, किती जणांना रेबीजची लस टोचली आहे आणि कुत्र्यासह फिरता येईल अशी मोकळी जागा कोठे हवी, हे महापालिकेला अंदाजपत्रकापूर्वीच कळेल. आणि परवान्याच्या शुल्कातून त्या जागांवर निदान घाण टाकण्याचे डबे तरी ठेवता येतील.