बिझीबॉक्स का बसत नाही?

अँड्रॉइड फोन ‘रूट’ केला की त्यात वाटेल ते बसविता येते, असा पुष्कळांचा समज असतो. मग अनेक आज्ञा एकाच फाइलीत सामावणारी ‘बिझीबॉक्स’ बसेना, की दोष रूटला! वस्तुतः ‘परमिशन डिनाइड’ हा संदेश पुष्कळदा जागेमुळे येतो. ‘एसडीकार्ड’ विभागातून प्रोग्रॅम चालविण्यास अँड्रॉइडचीच मनाई आहे. फाइल ‘/डेटा/लोकल/टेम्प’मध्ये हलवून तिला ७५५ ही परवानगी द्यावी. ‘रीड-ओन्ली’ असे आले तर मात्र प्रकरण निराळे. अँड्रॉइड १० पासून बऱ्याच फोनांत सिस्टिम विभाग रूटलाही लिहू देत नाही. तेथे बळजबरी केल्यास फोन पुन्हा सुरूच न होण्याचा, आणि आतील छायाचित्रे, टिपणे गमावण्याचा धोका. त्यापेक्षा ‘मॅजिस्क’चे मॉड्यूल बरे: मूळ विभागाला हात न लावता फाइल तेथेच असल्याचा आभास ते निर्माण करते. मॉड्यूल काढून फोन पुन्हा चालू केला, की सिस्टिम जशीच्या तशी.